रिंग करंट शोधला संध्याकाळी, सापडला पहाटेकडे : १२ ऑगस्ट २००० च्या चुंबकीय वादळाचं प्रकरण

१२ ऑगस्ट २०००, शनिवार. भारतात दुपारचे साडेतीन, युटी म्हणजे जागतिक वेळेप्रमाणे सकाळचे दहा, आणि वादळामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं ते सांगणारा डीएसटी नावाचा निर्देशांक सुमारे -२३५ नॅनोटेस्लाला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) टेकलेला. सौरचक्र ऐन भरात होतं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक आणि जुलैमध्ये एक (तेच ते १४ जुलैच्या बॅस्टील डे वालं, -३०० च्या घरात गेलेलं) अशी ह्याहून मोठी वादळं होऊन गेली होती, त्यामुळे नुसता आकडा बघून कोणी फार मनावर घेतलं नसतं. अमेरिकेत पर्सिड उल्का बघायला जागलेल्या मंडळींना उल्कांच्या जोडीला ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) पण दिसला, फोटो निघाले, विषय संपला.

पण रिंग करंटवरची (पृथ्वीभोवती वलयात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरची) एकच केस कोणाला समजावून सांगायची असेल तर मी बॅस्टील डे सोडून हीच घेईन. कारण ह्या वादळात वर उपग्रहावरून घेतलेलं चित्र आणि खाली जमिनीवरचे चुंबकमापक ह्यांचं आपसात जुळेना. जमिनीवरचे म्हणत होते रिंग करंटचा जोर पृथ्वीच्या ज्या बाजूला संध्याकाळ असते तिकडे आहे, चित्र म्हणत होतं मध्यरात्र उलटल्यावर पहाटेकडे. आणि शेवटी निघालं काय, तर दोघंही खरं बोलत होते.

आधी रिंग करंट काय ते उरकून घेऊ

पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर साधारण ३ ते ७ पृथ्वीत्रिज्यांच्या पट्ट्यात, विषुववृत्ताच्या पातळीवर, काही दहा ते काही शे केईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, फिरत असतात. मुख्यतः प्रोटॉन, आणि वादळात बऱ्यापैकी ऑक्सिजन आयन. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या बाजूला कमी होत जातं आणि रेषा वाकड्या आहेत, त्यामुळे हे आयन पश्चिमेकडे सरकत राहतात आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोघांचा मिळून प्रवाह पश्चिमेकडे वाहतो. तो जमिनीवर जे क्षेत्र तयार करतो ते पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राच्या उलट, म्हणून वादळात विषुववृत्ताजवळच्या स्टेशनांवर क्षेत्राचा आडवा घटक खाली येतो. तो किती खाली आला त्यावरून आयनांमध्ये एकूण ऊर्जा किती भरली ह्याचा ढोबळ हिशोब लावता येतो, डेसलर, पार्कर आणि स्कोपके ह्यांच्या नावाने ते सूत्र ओळखलं जातं, १ नॅनोटेस्लाला साधारण ४ गुणिले १० चा १३वा घात एवढे ज्यूल. म्हणजे २३५ ला जवळपास २६० कोटी युनिट वीज होते. कोयनेचे सगळे मिळून १९६० मेगावॉट रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवले तर ५५ दिवस लागतील एवढं. हा आकडा थोडा फुगलेला आहे हे मान्य, कारण डीएसटीमध्ये शेपटीकडच्या (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या उलट्या बाजूला लांब ओढलं जातं, ती शेपटी) प्रवाहाचा आणि जमिनीत उपजणाऱ्या प्रवाहांचा पण वाटा असतो, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

आता डीएसटी निघतो कसा तर चार स्टेशनांवरून. जपानमधलं काकिओका, हवाईतलं होनोलुलू, प्युएर्तो रिकोमधलं सान हुआन आणि दक्षिण आफ्रिकेतलं हर्मानस. युटी दहा वाजता ही कुठे होती बघा : काकिओकाला स्थानिक वेळ संध्याकाळचे सात वाजून गेलेले, होनोलुलूला मध्यरात्रीला अर्धा तास कमी, सान हुआनला पहाटेचे साडेपाच, हर्मानसला सकाळचे अकरा. चारी बाजूंना एकेक माणूस उभा, मग चौघांची सरासरी काढून एक आकडा. आकडा उपयोगाचाच आहे, प्रश्नच नाही, वादळ केवढं ते एका दमात सांगतो. पण वलय एकसारखं भरलंय की एकाच बाजूला ढीग लागलाय हे सरासरीत विरघळून जातं. चारही स्टेशनं वेगवेगळी ठेवली की फरक दिसतो, आणि वादळाच्या मुख्य टप्प्यात, म्हणजे डीएसटी उतरत असताना, सगळ्यात जास्त घट संध्याकाळच्या बाजूच्या स्टेशनांवर दिसते हे कितीतरी दशकांपासून माहीत होतं. त्यावरून पाठ्यपुस्तकातलं चित्र तयार झालं : शेपटीकडून आयन आत ढकलले जातात, पश्चिमेकडे वळतात, म्हणजे मध्यरात्रीकडून संध्याकाळकडे, आणि तिथे अर्धवट वलय तयार होतं. वादळ ओसरताना ते सगळीकडे पसरून पूर्ण वलय होतं. सोपं, पटणारं, आणि बऱ्याच अंशी बरोबर.

कॅमेरा म्हणायचं, पण मोजणीयंत्रच ते

रिंग करंटला स्वतःचा प्रकाश नाही. वर जाऊन मोजायचं तर उपग्रह एका वेळी एकाच ठिकाणी असतो, एक फेरी मारून येईपर्यंत वादळ पुढे निघून गेलेलं असतं. मग सगळं एकदम बघायचं कसं? ह्याचं उत्तर निघालं ते एका कटकटीतून, आणि हा भाग मला ह्या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडतो.

पृथ्वीभोवती हायड्रोजनचं एक अतिविरळ आवरण आहे, जिओकोरोना म्हणतात. ३ त्रिज्यांवर घन सेंटीमीटरमध्ये काही शे अणू, बस. अपोलो १६ ने १९७२ मध्ये चंद्रावरून अतिनील कॅमेऱ्याने ह्याचाच फोटो काढला होता, तो कॅमेरा जॉर्ज करुथर्स ह्यांनी बनवलेला. तर रिंग करंटमधला जोरात धावणारा प्रोटॉन ह्या थंड हायड्रोजनच्या एखाद्या अणूजवळून गेला की कधीकधी त्याचा इलेक्ट्रॉन पळवतो. ह्याला चार्ज एक्स्चेंज म्हणतात. झालं काय, तर धावणारा होता तो आता उदासीन अणू झाला, वेग तोच, दिशा तीच, पण विद्युतभार नाही म्हणून चुंबकीय क्षेत्राचा धाक संपला. तो सरळ रेषेत निघतो. ह्यांना ऊर्जावान उदासीन अणू म्हणायचं, इंग्रजी आद्याक्षरांनी ईएनए. ५० केईव्हीचा हायड्रोजन सेकंदाला सुमारे ३१०० किलोमीटर जातो, म्हणजे ५० हजार किलोमीटरवर बसलेल्या उपग्रहापर्यंत १६ सेकंदात. तेवढ्याच ऊर्जेचा ऑक्सिजन जड असल्यामुळे एक मिनिटाच्या वर घेतो.

ह्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याला दिसतो तो प्रत्येक ईएनए म्हणजे रिंग करंटने गमावलेला एक आयन. म्हणजे चित्र आहे ते गळतीचं, साठ्याचं चित्र आपण त्यावरून काढतो. ४ त्रिज्यांच्या आसपास १० केईव्हीचा प्रोटॉन अशा गळतीत काही तासांत जातो, ५० केईव्हीचा एखादा दिवस टिकतो कारण वेग वाढला की इलेक्ट्रॉन पळवणं जमेनासं होतं. ऑक्सिजनचं तसं होत नाही, त्याची गळती वरच्या ऊर्जेलाही चालूच राहते.

तर ती कटकट. आयसी-१ नावाचा उपग्रह १९७७ मध्ये गेला होता, त्याच्यावर आयन मोजायचं यंत्र होतं. वादळाच्या वेळी हा उपग्रह अशा जागी असायचा जिथे आयन जवळपास नसतातच, तरी यंत्रात मोजणी यायची, आणि उपग्रह स्वतःभोवती फिरताना यंत्राचं तोंड पृथ्वीकडे आलं की जास्त यायची. यंत्राला भारित आणि उदासीन ह्यात फरक कळत नव्हता, आत आला तो कण मोजायचा एवढंच माहीत. एरवी हे बॅकग्राउंड म्हणून वजा करून टाकलं असतं. एडमंड रोलॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं की हे रिंग करंटमधून निघालेले उदासीन अणू आहेत, आणि १९८७ मध्ये रोलॉफ ह्यांनी सप्टेंबर १९८२ च्या वादळाचं त्याच मोजणीतून चित्र काढलं. रिंग करंटचं हे पहिलं चित्र, आणि ते घेतलं अशा यंत्राने जे चित्रासाठी बनवलेलंच नव्हतं. मला वाटतं कचऱ्यातून इतकं सोनं काढल्याची उदाहरणं ह्या क्षेत्रात कमीच असतील.

त्यानंतर मुद्दाम ह्याच कामासाठी नासाने इमेज हा उपग्रह पाठवला, २५ मार्च २००० ला, व्हँडेनबर्गहून. प्रमुख शास्त्रज्ञ सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटचे जेम्स बर्च. ध्रुवांवरून जाणारी लांबट कक्षा, सगळ्यात दूर सुमारे ४६ हजार किलोमीटर उंची, एक फेरी चौदा तासांच्या थोडी वर. लांबट कक्षेत उपग्रह दूरच्या टोकाला हळू चालतो, त्यामुळे बराच वेळ उत्तरेकडून उंचावरून खाली बघायला मिळतं, वलय समोर आडवं पसरलेलं. ईएनएसाठी तीन यंत्रं होती, कमी, मध्यम आणि जास्त ऊर्जेची. आपल्या केसमध्ये जास्त ऊर्जेचं, हेना, जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबमध्ये डोनाल्ड मिचेल ह्यांच्या टीमने बनवलेलं.

हेनाच्या तोंडाशी पंख्यासारख्या रचलेल्या पट्ट्या, एकाआड एक पट्टीला उच्च व्होल्टेज. भारित कण आत शिरला की वाकून पट्टीवर आदळतो आणि संपतो, उदासीन सरळ आत. मग एक अतिपातळ फॉइल, अणू तिच्यातून पार होताना दोनचार इलेक्ट्रॉन उडवतो, ते बाजूच्या डिटेक्टरवर जाऊन घड्याळ सुरू करतात आणि अणू कुठून आत आला ती जागाही सांगतात. अणू पुढे मागच्या भिंतीपर्यंत जातो, तिथे घड्याळ बंद. वेळ मिळाली, अंतर माहीत, वेग आला, जागा दोन मिळाल्या म्हणून दिशा आली. हायड्रोजन की ऑक्सिजन हे सिग्नलच्या उंचीवरून ओळखायचं. फॉइल आणखी एक काम करते, हायड्रोजनचा अतिनील प्रकाश, जो ईएनएपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो, तो बऱ्याच प्रमाणात अडवते. पण फॉइलमधून जाताना अणूची दिशा थोडी बिघडते, कमी ऊर्जेच्या आणि जड अणूंची जास्त, म्हणून चित्र काही अंशांनी धूसर असतं. उपग्रह दोन मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेतो, एका फेरीत एकेका चौकटीत मोजकेच कण पडतात, म्हणून बऱ्याच फेऱ्या एकत्र करून चित्र तयार करायचं. जे लाल-पिवळं झळकणारं चित्र आपण बघतो त्यामागे ही अशी एकेक कणाची मोजणी आहे.

(जाता जाता : ईएनए मोजायचं तंत्र आपल्याकडेही वापरलंय, २००८ च्या चांद्रयान-१ वर. सारा नावाचं यंत्र, तिरुवनंतपुरमच्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीने स्वीडनच्या किरुना इथल्या संस्थेबरोबर केलेलं. चंद्राच्या मातीवर आदळणाऱ्या सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनपैकी २० टक्क्यांपर्यंत प्रोटॉन उदासीन हायड्रोजन होऊन परत फिरतात हे त्यातून कळलं, तोवर ती माती जवळपास सगळे प्रोटॉन गिळून टाकते असं मानायचे.)

त्या दिवशी काय दिसलं

सूर्याकडून आलेल्या ढगाचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे जोरात वळलं आणि काही तास तसंच राहिलं. असं झालं की सौरवाऱ्याची ऊर्जा चुंबकावरणात (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ताब्यातल्या भागात) शिरायला दार उघडतं, शेपटीकडचा प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू, आत ढकलला जातो, डीएसटी उतरायला लागतो. इथपर्यंत काही विशेष नाही.

हेनाच्या चित्रात मुख्य टप्प्यात रात्रीच्या बाजूला मोठा उजळ पट्टा दिसला, तेही अपेक्षित. पण चित्रावरून जेव्हा विषुववृत्तीय पातळीतला आयनांचा फ्लक्स (किती आयन वाहताहेत ते) काढला, काही दहा केईव्हीच्या प्रोटॉनचा, तेव्हा त्याचं शिखर मध्यरात्रीच्या पहाटेकडच्या बाजूला निघालं. संध्याकाळ-मध्यरात्र ह्या चतुर्थांशात असायला हवं होतं ते. युटी आठ-दहाला मध्यरात्र उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि त्यापुढच्या पॅसिफिकवर असते, म्हणजे शिखर साधारण त्या रेखांशांच्या पूर्वेला, अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या डोक्यावर. उल्का बघत बसलेले लोक जवळपास त्याच पट्ट्यात होते, गंमत आहे. (ऑरोरा इलेक्ट्रॉनमुळे दिसतो, त्याचा आणि ह्या शिखराचा थेट संबंध लावू नका.)

पहिली शंका कोणालाही येईल तीच : चित्रातच गडबड असेल. आणि ही शंका घ्यायलाच हवी होती, कारण ईएनए चित्र फसवायला खूप जागा आहेत. आपल्याला दिसतं ते एका दृष्टीरेषेवरच्या सगळ्या उत्सर्जनाची बेरीज. पुढचा कण कोणता, मागचा कोणता काही कळत नाही. त्यात जिओकोरोना पृथ्वीजवळ दाट, दूर विरळ, म्हणून तेवढेच आयन जवळ असले तर जास्त उजळ दिसतात. त्यात भर म्हणजे काही शे किलोमीटर उंचीवर, जिथे खाली घसरणारे आयन वातावरणातल्या ऑक्सिजनला धडकतात, तिथून एक प्रचंड तेजस्वी ठिपका येतो, जो रिंग करंटचा मुख्य भाग नाहीच. शिवाय आयन कोणत्या दिशेने जास्त फिरताहेत त्यावरही आपल्याकडे किती येतील हे ठरतं. ह्या सगळ्यातून मूळ आयनांचं वितरण काढायचं म्हणजे उलटं गणित, आणि उलट्या गणिताला उत्तरं एकापेक्षा जास्त असतात. मला तर ह्या चित्रांना सरसकट फोटो म्हणणं पटत नाही, अर्धं काम गृहीतकांचं आहे.

पण शिखर हलेना. पाँटस ब्रँट ह्या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की एवढ्या एका वादळाची ही गोष्ट नाही, आणखी मोठ्या वादळांच्या मुख्य टप्प्यातही शिखर मध्यरात्र ते पहाट ह्या बाजूला येतं, आणि त्यांनी बोट ठेवलं ते विद्युतक्षेत्रावर : आतल्या चुंबकावरणातलं क्षेत्र आपण समजतो तसं सरळ नाही, ते तिरकं झालंय. पुढे २००४ मध्ये हेनाच्या चित्रांतून काढलेला फ्लक्स आणि क्लस्टर नावाच्या युरोपीय उपग्रहांनी प्रत्यक्ष तिथून जाताना मोजलेला फ्लक्स ह्यांची तुलना झाली, ती बऱ्यापैकी जुळली. म्हणजे उलटं गणित अगदीच हवेत नव्हतं.

तिरकं विद्युतक्षेत्र

आता खरी मेख इथे आहे, जरा सावकाश वाचा.

जुन्या मॉडेलमध्ये विद्युतक्षेत्र वरून दिलेलं असायचं. पहाटेकडून संध्याकाळकडे, एका ठरलेल्या सूत्राने, वादळ मोठं तर क्षेत्र मोठं. अशा क्षेत्रात शेपटीकडून आलेला प्रोटॉन आत येतो आणि चुंबकीय सरकणीने पश्चिमेला वळतो. शिखर संध्याकाळकडे. गणित बरोबर, पण त्यात आयन हे निव्वळ प्रवासी आहेत, रस्ता कोणीतरी दुसऱ्याने आखलेला.

प्रत्यक्षात आयन स्वतः रस्ता बदलतात. आत दाबाचा ढीग लागला की प्रवाह सगळीकडे सारखा राहत नाही, आणि जो वलयात पुरा होत नाही तो चुंबकीय रेषांवरून खाली आयनोस्फिअरमध्ये (वातावरणाच्या वरच्या, वीज वाहून नेणाऱ्या थरात) उतरतो, संध्याकाळच्या बाजूला उतरतो आणि पहाटेच्या बाजूला परत वर चढतो. खाली आडवं जायचं तर आयनोस्फिअरमधून जावं लागतं. पण जिथे हे उतरतात तो पट्टा ऑरोराच्या दक्षिणेला येतो, रात्रीची वेळ, तिथे वाहकता फार कमी. वाहकता कमी असताना तेवढाच प्रवाह न्यायचा तर विद्युतक्षेत्र मोठं व्हावंच लागतं. हे वाढलेलं क्षेत्र त्याच रेषांवरून परत वर चुंबकावरणात पोचतं आणि मूळ क्षेत्राला पिळतं. समविभव रेषा (सारख्या व्होल्टेजच्या, ज्यांच्या बाजूने कण सरकतात त्या) मध्यरात्रीजवळ पहाटेकडे वळतात, आणि आत येणारा आयन संध्याकाळकडे जायच्या आधी पूर्वेकडे ढकलला जातो.

कोणते आयन? तर कमी ऊर्जेचे जास्त. ४ त्रिज्यांवर ५० केईव्हीचा प्रोटॉन चुंबकीय सरकणीने पृथ्वीभोवती साधारण पावणेचार तासांत एक चक्कर मारतो, १० केईव्हीच्याला अठरा तास लागतील. ज्याची स्वतःची चाल मंद त्याच्यावर विद्युतक्षेत्राची जबरदस्ती जास्त. १०० केईव्हीच्या वरचे आयन ह्या पिळाला फारसं जुमानत नाहीत, ते आपले पश्चिमेकडे निघून जातात.

हे सगळं एकत्र हिशोबात घेणारं मॉडेल तोवर तयार झालेलं होतं, नासाच्या मेई-चिंग फोक आणि अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या लोकांनी मिळून केलेलं, कॉम्प्रिहेन्सिव्ह रिंग करंट मॉडेल. त्यात आयन क्षेत्र ठरवतात आणि क्षेत्र आयनांना हलवतं, दोन्ही एकमेकांना विचारून पुढे जातात. १२ ऑगस्टचं वादळ त्यात घातलं, मॉडेलमधल्या आयनांपासून खोटी ईएनए चित्रं काढली, हेनाला त्या जागेवरून जशी दिसली असती तशी, आणि ती खऱ्या चित्रांशेजारी ठेवली. शिखर मध्यरात्रीनंतर आलं. फोक ह्यांच्या २००३ च्या पेपरमध्ये ही तुलना आहे. मला ही पद्धत उलट्या गणितापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण इथे चित्रातून जबरदस्तीने उत्तर काढायचं नाहीये, उत्तराचं चित्र काढून बघायचंय की ते तसंच दिसतं का. अर्थात मॉडेलमध्ये वाहकता काय धरली ह्यावर पिळाचं प्रमाण अवलंबून आहे, आणि ती वाहकता वादळात नक्की किती असते हे सांगणं अवघडच.

मग जमिनीवरच्यांचं काय?

इथे बरेच जण गोंधळतात. हेनाचं खरं असेल तर संध्याकाळच्या बाजूची घट खोटी का? नाही. चुंबकमापकाला आयन दिसत नाहीत, त्याला प्रवाह जाणवतो, आणि तो पण सगळा एकत्र : वलयातला, रेषांवरून उतरणारा, आयनोस्फिअरमधला, शेपटीकडचा. संध्याकाळच्या बाजूची जादा घट बरीचशी ह्या खाली उतरणाऱ्या प्रवाहांमुळे असते. दुसरं, प्रवाह दाबाच्या उतारावर वाहतो. ढीग जिथे सगळ्यात उंच तिथेच प्रवाह सगळ्यात जास्त, असा नियम नाही. आणि तिसरं, हेनाने दाखवलं ते काही दहा केईव्हीचं, त्यावरच्या ऊर्जेचे आयन, जे दाबात चांगलाच वाटा उचलतात, ते खरंच संध्याकाळकडे गेलेले असतात. तीनही गोष्टी मिळून तंटा मिटतो.

अलिबागचं नाव इथे घ्यायलाच पाहिजे. डीएसटीच्या चार स्टेशनांत अलिबाग नाही, पण सिम-एच आणि असी-एच हे जे मिनिटामिनिटाचे निर्देशांक निघतात त्यांच्या स्टेशनांच्या यादीत आहे, आणि त्यातला दुसरा, असी-एच, मोजतो नेमकी हीच गोष्ट, वलय किती एकांगी आहे ते. १२ ऑगस्टला युटी दहा वाजता अलिबागला स्थानिक वेळ दुपारचे तीन वाजत आलेले, म्हणजे शिखराच्या जवळपास समोरची बाजू. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ही वेधशाळा चालवते. मुळात ती कुलाब्याला होती, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकमापकांना त्रास नको म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवली.

कुलाब्याचं नाव आलं की १८५९ येतंच. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या महावादळात कुलाब्याला आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने पडला, डोळ्यांनी बघून हाताने लिहिलेल्या नोंदी, जगभर आजही त्यावर पेपर निघतात. पण ती घट भर दिवसा, दुपारच्या आधीची, आणि ती सगळी रिंग करंटची की ध्रुवीय भागातले प्रवाह खाली सरकून आल्याचीही, ह्यावर अजून एकमत नाही. एका स्टेशनची एक रेषा, त्यावरून आकाशात प्रवाह कुठे होता ते काढायचं म्हणजे १२ ऑगस्टला जो घोळ झाला तोच, फक्त कितीतरी पटीने मोठा, आणि वर हेना नाही. त्यामुळे कोणी १८५९ चा डीएसटी छातीठोकपणे एका आकड्यात सांगायला लागलं की मी जरा सावध होतो.

ऑक्सिजन, आणि पुढचं

प्रोटॉनची गोष्ट सांगताना ऑक्सिजन मागे राहतो, तसं होऊ नये. तो येतो आपल्याच वातावरणातून, सूर्याकडून नाही. फेब्रुवारी १९८६ च्या मोठ्या वादळात अँप्टी उपग्रहाने मोजलं तेव्हा रिंग करंटमध्ये ऑक्सिजनचा वाटा प्रोटॉनच्याही पुढे गेला होता. हेनाने त्यात भर घातली ती वेळेची : उपवादळ (शेपटीत साठलेली ऊर्जा अचानक सुटते ते) झालं की ऑक्सिजनचं उत्सर्जन एकदम उसळतं, हायड्रोजनचं तेवढं उसळत नाही. एका ठिकाणी बसून मोजणाऱ्या यंत्राला हे कळणं कठीण होतं, खरंच उसळी आली, का उपग्रहच दाट भागात शिरला, हे त्याला सांगता येत नाही.

इमेजचा संपर्क डिसेंबर २००५ मध्ये तुटला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातल्या एका हौशी माणसाला, तो दुसराच उपग्रह शोधत असताना, ह्याचा सिग्नल सापडला, नासाने खात्री केली, पण पुन्हा कामाला लावणं काही जमलं नाही. दरम्यान ट्विन्स नावाची जोडी २००६ आणि २००८ मध्ये दोन वेगवेगळ्या उपग्रहांवर बसून गेली, दोन जागांवरून एकदम बघायचं म्हणजे दृष्टीरेषेच्या बेरजेचा प्रश्न थोडा तरी सुटतो. त्यांच्या चित्रांतही मध्यरात्रीनंतरची शिखरं दिसली.

आता अडलंय ते जास्त करून हायड्रोजनपाशी. ईएनए किती आले हे आपण मोजतो, त्याला जिओकोरोनाच्या घनतेने भागून आयन किती ते काढतो. ती घनता बरीच वर्षं शांत दिवसांच्या मॉडेलमधून घेतली जायची, आणि ट्विन्सवरच्याच अतिनील यंत्रांनी दाखवलं की वादळात जिओकोरोना स्वतःच वाढतो. भाजकच वादळाबरोबर हलत असेल तर भागाकारात आलेला प्रत्येक फ्लक्स थोडा इकडेतिकडे होणार, शिखराची जागा कदाचित टिकेल, उंची बदलेल. नासाने सप्टेंबर २०२५ मध्ये पाठवलेला उपग्रह ह्याच हायड्रोजनवर नजर ठेवायला गेलाय, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, आणि त्याला नाव दिलंय करुथर्स. हायड्रोजन वादळात कसा हलतो ह्याचं चांगलं मॉडेल त्यातून निघालं तर १२ ऑगस्टची जुनी हेना चित्रं काढून हा भागाकार पुन्हा करता येईल.